पुटी नंतर, आधी पाणी बघा

गोव्यातल्या पेडण्याहून आलेलं हे पत्र थोडं कापून देतो आहे.

‘काका, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे १९७९ सालची महिंद्राची सीजे-३बी जीप आहे, सैन्याच्या लिलावात निघालेली. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये त्यांनी ती बेळगावच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली आणि आंबोली घाट उतरवून स्वतः चालवत घरी आणली. नोंदणीच्या वेळी तिला निळा रंग दिला. मग काही वर्षं ती डिचोलीकडे खाणीवर भाड्याने होती. गेली नऊ वर्षं मांगरासमोर माडाखाली उभी आहे, वर निळी ताडपत्री. इंजिन सुरू होतं, पण पत्रा पार गेलाय. ड्रायव्हरच्या पायाखाली भोक आहे, मागच्या चाकाजवळ बोट आत जातं, मडगार्डांवर फोड आलेत. टिंकर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, म्हणतो, फायबर आणि पुटी मारून रंग करून देतो, चार दिवसांचं काम. भाऊ म्हणतो, भंगारात घाल. वडील ७६ वर्षांचे, ते म्हणतात हात लावू नकोस. मला सुट्टीच्या दिवशी घरीच काम करायचंय आणि तिला परत ऑलिव्ह ग्रीन करायचंय. ग्राइंडर आहे. वेल्डिंग येत नाही. जमेल का?
– जीपवाला, पेडणे’

जीपवाले, जमेल. पण तो ग्राइंडर तूर्तास कपाटात ठेवा.

तुम्ही गंजाच्या जागा सांगितल्यात आणि गंजाचं कारणही सांगितलंय, फक्त ते कारण आहे हे तुमच्या लक्षात आलेलं नाही. माडाखाली, मातीवर, ताडपत्री टाकून नऊ वर्षं. ताडपत्री पाऊस अडवते हे खरं, पण जमिनीतून वर येणारी वाफ कुठे जाणार? दिवसा ती आत कोंडते आणि रात्री प्लास्टिक गार झालं की त्याच्या आतल्या बाजूला थेंब धरतात. डिसेंबरात एखाद्या सकाळी ताडपत्री उचलून खालून हात फिरवा, तळहात ओला होईल. पाऊस नसतानाही गाडी रोज भिजते आहे. त्यात हरमल-मोरजीकडून येणारा खारा वारा. पत्र्यावर बसलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गंजाच्या बारीक खड्ड्यांत दडून राहतं. वरून कितीही सुंदर रंग लावा, मीठ आत राहिलं तर पुढच्या चवथीपर्यंत फोड येणारच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. म्हापशाला गॅरेज नवीन होतं तेव्हा मी माझ्या स्वतःच्या जीपचं मागचं मडगार्ड असंच ‘केलं’ होतं. वायर ब्रश मारला, भोकावर फायबरचं कापड चिकटवलं, पुटी ओढली, घासून आरसा केला आणि चवथीला मखर आणायला तीच गाडी मिरवत नेली. पुढच्या चवथीला बोटाने दाबलं तर सगळं थर्माकोलसारखं आत गेलं. पुटी पाणी पिते. मागच्या बाजूने ओल लागली की ती स्पंजासारखी ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खात राहतो. पत्रा गंजून सुटला तेव्हा लक्षात आलं, की गाडीचा तेवढा भाग गेलं वर्षभर नुसत्या पुटीवर उभा होता. म्हणून तुमच्या टिंकरला मी खोटं ठरवत नाही. तो चार दिवसांत जे म्हणतो ते चार दिवसांत करून देईल. पण तुम्हाला काय हवंय ते तुम्ही ठरवा: दसऱ्याचा फोटो की गाडी.

आता खरं काम. पहिले दोन रविवार फक्त बघण्यात घालवा. सीट, मागची बाकडी, रबरी मॅट, जमिनीवरचं सगळं बाहेर काढा. अंधार पडला की गाडीखाली एक बल्ब सरकवा आणि वरून आत बघा. जिथे तारे दिसतील तिथे खडूने गोल करा. मग दिवसा छोटी हातोडी घ्या आणि सगळ्या जमिनीवर, कडांवर, मडगार्डांच्या आतून हळूहळू ठोकत जा. शाबूत पत्रा टण्ण बोलतो. गेलेला पत्रा थप्प म्हणतो, ओल्या नारळासारखा. त्या जागी जुना पेचकस जोर देऊन टेकवा. आत गेला तर गेला, तो पत्रा तसाही गेलेलाच होता. जिथे पृष्ठभाग गुळगुळीत पण संशयास्पद आहे तिथे पातळ कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. ते चिकटायचं सोडतं तिथे खाली कोणाची तरी जुनी पुटी आहे. खाणीवर भाड्याने फिरलेल्या गाडीत ती निघणारच.

जीपला गंज कुठे लागतो हे तिच्या बांधणीवरूनच कळतं. जमिनीच्या पत्र्याला ताकद यावी म्हणून खालून टोपीच्या आकाराच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. टोपी उलटी केली की तिच्यात पाणी साचतं, तसंच इथे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज आणि फोर्डच्या जीपमध्ये तर या पट्ट्यांत लाकूड भरलेलं असे. ते भिजायचं आणि वर्षभर ओलं राहायचं. तुमच्या गाडीत लाकूड नसेल, पण डिचोलीची तांबडी धूळ नक्की असेल. वायरने खरवडून बघा, लाल मळीसारखी निघेल. ती गाळ होऊन बसली की ओल सोडत नाही. आणि गंमत बघा: खाणीत जे हेमेटाईट निघतं ते लोखंडाचं ऑक्साईड, आणि गंज म्हणजे पाणी धरलेलं लोखंडाचं ऑक्साईड. खाणीवर काम करता करता तुमची जीप परत खाणीच्याच वाटेला लागली होती.

बाकीच्या जागा: बॉडी आणि चासिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, यांच्यामध्ये बोल्टच्या खाली रबराचे तुकडे असतात, त्यांच्या भोवती. मागच्या चाकाच्या कमानीत, जिथे दोन पत्रे एकावर एक येतात तिथे. मागच्या फळीच्या तळाशी. समोरच्या काचेच्या चौकटीच्या खालच्या कडेला. आणि ड्रायव्हरच्या सीटखाली, जिथे पेट्रोलची टाकी बसते. टाकीच्या खालची जागा म्हणजे पाणी साचायला आयतीच. दोन पत्र्यांच्या जोडात गंज धरला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि जोड पाचर मारल्यासारखा उघडतो. मडगार्डाच्या कडेला लाटेसारखी उठलेली रेघ दिसली तर ती ठोकून सपाट करू नका. आत पाचर आहे, ती काढल्याशिवाय कड बसणार नाही.

टाकीचं आत्ताच सांगून ठेवतो. जमिनीवर एकही ठिणगी उडायच्या आधी टाकी गाडीतून काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली पाहिजे. ‘रिकामीच आहे’ म्हणून जागेवर ठेवू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त वाईट, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाकीलाच भोक असेल तर ते घरी वेल्ड करायचा विचारही मनात आणू नका. पाण्याने धुतली म्हणून वाफ जात नाही. बॅटरीचे दोन्ही वायर सोडवा. ठिणग्या गवतावर, सुकलेल्या चुडतांवर पडतात आणि आग अर्ध्या तासाने दिसते, म्हणून काम संपल्यावर पाण्याची बादली घेऊन तिथेच चहा प्या.

मग धुणं. लोक याला हसतात, पण अर्धं काम इथेच होतं. साबणाच्या पाण्याने, मग नुसत्या गोड्या पाण्याने, तीन-चार दिवस लागोपाठ धुवा. खालून, कमानींतून, पट्ट्यांच्या उघड्या टोकांतून नळी घालून, बाहेर येणारं पाणी लाल दिसायचं थांबेपर्यंत. पाणी कुठलं वापरताय ते जिभेवर घेऊन बघा. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. तसल्या पाण्याने धुतलंत तर मीठ काढायच्या नावाखाली मीठ चोळाल. नंतर दोन दिवस कडक उन्हात, बोनेट उघडं ठेवून सुकू द्या.

वेळ निवडायला गोव्यात फारसा पर्याय नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. उघडा केलेला पत्रा त्या हवेत एका रात्रीत पिवळा पडतो. तेव्हा काम नोव्हेंबरात सुरू करा आणि मिरगाआधी रंगासकट संपवा. सुट्टीच्या दिवसांवर चालायचं असेल तर एका वेळी गाडीचा एकच तुकडा उघडा करा. अख्खी गाडी घासून ठेवणारे हौशी लोक मी पाहिलेत. रविवारी चकचकीत, पुढच्या रविवारी परत तांबूस, आणि तिसऱ्या रविवारी उत्साह गेलेला.

आता ग्राइंडर काढा. आधी डोळ्यांना बंद चष्मा, कानात बोळे, तोंडावर चांगल्या प्रतीचा धुळीचा मास्क. जुन्या रंगांत शिसं आणि क्रोमेट असू शकतं, म्हणून शक्य तिथे रंग ओला करून वॉटर पेपरने घासा. कोरडी भुकटी उडवू नका. घरात लहान मुलं असतील तर कामाचे कपडे बाहेरच काढा. वायरचा कप ब्रश पोपडे आणि सुटी खपली छान काढतो, पण त्याची एक लबाडी आहे: खड्ड्यांतला गंज तो काढत नाही, घासून चमकवतो. पत्रा पॉलिश केल्यासारखा दिसतो, आणि भिंग लावलं की काळे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे उद्याचे फोड. तिथे फॉस्फोरिक आम्लाचा गंजनाशक लावायचा. हार्डवेअरच्या दुकानात जेलसारखा मिळतो, उभ्या पत्र्यावरून ओघळत नाही. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा, ब्रशने घासा, डब्यावर सांगितलं असेल तसं धुवा आणि लगेच सुकवा. काळे ठिपके राखाडी होईपर्यंत दोन-तीनदा करावं लागतं. हातमोजे घाला.

‘गंजावरून थेट लावा, गंजाचाच प्रायमर होतो’ असं सांगणारी काळी द्रावणं मिळतात. त्यातली टॅनिक आम्लाची असतात, गंजाशी मिळून काळा थर करतात. पट्ट्यांच्या आत, जिथे हात पोचत नाही, तिथे ती ठीक. बोनेटवर सोय म्हणून वापरू नका.

बिजागऱ्या, बोल्ट, हुक अशा छोट्या वस्तूंसाठी घरगुती उपाय उत्तम आहे. प्लास्टिकची बादली, पाणी, मूठभर धुण्याचा सोडा. वस्तू चार्जरच्या ऋण टोकाला, धन टोकाला लोखंडाचा एक टाकाऊ तुकडा, दोन्ही एकमेकांना न टेकता पाण्यात. बारा व्होल्टवर रात्रभरात गंज गळून पडतो आणि धातूला धक्का लागत नाही. त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करा. आणि टाकाऊ तुकडा स्टेनलेस स्टीलचा चुकूनही नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

सँड ब्लास्टिंगबद्दल, म्हणजे हवेच्या दाबाने कण मारून गंज उडवण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. चासिस, जाड ब्रॅकेट, चाकांच्या रिम यांना जरूर करा. बोनेट आणि बाजूच्या सपाट पत्र्यांना नको. पातळ पत्रा त्या माऱ्याने पापडासारखा वाकतो आणि परत सपाट होत नाही. घरी नुसत्या वाळूचा फवारा मारण्याच्या फंदात पडू नका. ती धूळ फुप्फुसात बसली तर बाहेर येत नाही.

भोकांचं काय? इथे मी तुमच्या कामाचे दोन भाग करतो: कापणं आणि बसवणं तुमचं, जोडणं दुसऱ्याचं. वेल्डिंग शिकायला पातळ, जुना, गंज चाटलेला पत्रा ही सगळ्यात वाईट जागा आहे. घरगुती आर्क मशीनने तर भोक बुजण्याऐवजी वाढतंच. तुम्ही सगळे तुकडे कापून, वाकवून, जागेवर बसवून ठेवा आणि मग सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साईड वायू वापरणाऱ्या वेल्डिंग मशीनवाल्या कारागिराला एक दिवस घरी बोलवा. पैसा तिथे खर्च करा. बाकी सगळे तास तुमचे आहेत.

कापताना भोकाएवढं कापू नका. घासल्यावर दोन्ही बाजूंनी चकाकणारा, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे या. भोक बोटाएवढं असेल तर तुकडा वहीएवढा होईल, घाबरू नका. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा फर्मा करा, गाडीवर बसवून बघा, कात्रीने नीट करा आणि मग तो पत्र्यावर आखा. पत्रा सीआरचा (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेला), अठरा गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर. दुकानदार ‘हा गंजत नाही’ म्हणून जीआयचा देईल, घेऊ नका. जस्त चढवलेल्या पत्र्याला वेल्डिंग करताना निघणाऱ्या धुराने ताप भरतो, आणि जोडही नीट बसत नाही. तुकड्याचे कोपरे टोकदार ठेवू नका. रुपयाचं नाणं ठेवून गोल आखा, टोकदार कोपऱ्यातूनच पुढे चीर जाते. नवा तुकडा जुन्या पत्र्यावर ठिगळासारखा चढवायचा नाही, भोकात काठाला काठ लावून बसवायचा. एकावर एक ठेवलं की मधे पाण्याला घर मिळतं, आणि तुम्ही परत तिथेच येता.

कारागिराला एवढंच सांगा: सलग ओढू नको. गोधडीला आधी टाचण मारतात तसं एक टाका इथे, दुसरा समोरच्या कोपऱ्यात, मग थांबायचं, हाताला सोसेल इतकं गार होऊ द्यायचं, मग पुढचा. पाणी मारून गार करायचं नाही. घाई केली की सपाट जमीन डबक्यासारखी होते. आणि एक मोठी चूक आधीच टाळा: दोन्ही बाजूंची जमीन एकदम कापू नका. जीपला छप्पर नाही, दरवाजे नाहीत. बॉडी तळावरच उभी असते. आधी दरवाजांच्या मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल आडवे बोल्ट करा, बॉडी चासिसला बांधलेलीच राहू द्या, आणि मग एक बाजू पूर्ण करून दुसरीला हात घाला. नाहीतर तळ बसवून झाल्यावर मागची फळी बंद होणार नाही.

वेल्डिंगच्या आधी पत्रा साफ करायला ब्रेक क्लीनरचा फवारा कोणी देऊ करेल. त्यातल्या क्लोरीनवाल्या प्रकारांचा वेल्डिंगच्या उष्णतेत विषारी वायू होतो. साधा थिनर पुसा, तो पूर्ण उडून जाऊ द्या, डबा आणि फडकी लांब ठेवा, आणि मगच मशीन लावा.

प्रायमरची बाब मला जरा जोर देऊन सांगायची आहे. आपल्याकडे लोखंड म्हटलं की हात आपोआप रेड ऑक्साईडकडे जातो. खिडकीच्या गजांना तो ठीक आहे. पण तो पाणी अडवत नाही, ओल त्यातून आरपार जाते. नुसता रेड ऑक्साईड मारून ‘रंग नंतर बघू’ म्हणून पावसाळा काढलेल्या गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. उघड्या पत्र्यावर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर लावा, डब्यावरच्या मापानेच मिसळून. घासलं त्याच दिवशी लावा, रात्र मधे जाऊ देऊ नका. हिवाळ्यात सकाळी दंव असतं, म्हणून पत्रा उन्हाने हाताला उबदार लागल्यावर, दहानंतर सुरू करा आणि चारच्या आत संपवा. साफ केलेल्या पत्र्याला उघड्या हाताने स्पर्श करू नका. घामातही मीठ असतं.

पुटी लावायची आहे, पण आता, या प्रायमरच्या वर, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही, फक्त उंचसखलपणा भरायला. मग जोडांवर सीलर, मग परत प्रायमरचा हात. वरचा रंग ब्रशने किंवा छोट्या रोलरने, साध्या सिंथेटिक इनॅमलचा, मॅट. हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी फवारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते धुळीच्या मास्कने अडत नाही आणि दमा लावतं. सैन्याच्या गाडीला ब्रशच्या रेघा शोभतात, हा तुमचा फायदाच आहे.

रंगाचं मात्र तुमचं मन मोडावं लागणार. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१ व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या वाहनांशिवाय दुसऱ्या कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. १९९१ मध्ये ती निळी झाली ती याचमुळे. नंबर प्लेटवर वर टोक केलेला बाणही नको, तो सैन्याच्या क्रमांकाचा भाग आहे. निळाच ठेवा, किंवा वाळूचा, राखाडी असा दुसरा रंग घ्या आणि तो आरसी बुकात बदलून घ्या. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. नऊ वर्षं गाडी उभी आहे म्हणजे ते राहिलं असणार. पत्र्यावर पैसे घालण्याआधी आरटीओत एक फेरी मारून या. २०२१ च्या नियमांतला विंटेज दर्जा पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या वाहनांना मिळतो, तो तुम्हाला आत्ता उपयोगाचा नाही.

पण हिरवा रंग तुमच्या गाडीत आहे. निळ्याच्या खाली. बोनेटच्या बाजूला आणि मडगार्डांवर ग्राइंडर लावू नका. ओल्या चारशे नंबरच्या कागदाने हळूहळू निळा उतरवा. आधी निळा, मग कडेने हिरव्याचं वर्तुळ, मग प्रायमर, झाडाच्या बुंध्यावर दिसतात तशी वलयं येतात. मडगार्डावर चाकाच्या वर टायर प्रेशरचा स्टेन्सिल निघू शकतो, इंग्रजी ‘टी.पी.’ आणि एक आकडा. निघालाच तर थांबा, फोटो घ्या. आणि मग बाबांना हाक मारा.

बाबांचं ‘हात लावू नकोस’ मला समजतं. त्यांनी ती घाटातून उतरवली आहे. तुम्ही ग्राइंडर घेऊन जाताय म्हणजे त्यांच्या लेखी तोडायलाच निघालात. त्यांना सावलीत खुर्ची द्या आणि बोल्टांचं खातं त्यांच्याकडे सोपवा. प्रत्येक सुटा भाग जुन्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात कुठला तो. हे काम खरंच कोणीतरी करायला हवं. एप्रिलात तुम्हाला आठवणार नाही कुठला वायसर कुठला. भावाला मात्र सांगा, की भंगाराच्या भावात ती विकता येते, परत घेता येत नाही. आणि हरियाणातल्या डबवालीहून नवी कोरी बॉडी मागवायचा सल्ला मिळेल, तिथे जीपच्या बॉड्या बनवण्याचा मोठा धंदा आहे. मी नाही मागवणार. तुमचा तळ गेलाय, बाजू शाबूत आहेत. त्या बाजूंवरचे पोचे सैन्यातले आहेत.

रंग झाला की एक काम राहतं, ते सगळे विसरतात: आतली बाजू. पट्ट्यांच्या आत, कमानींच्या दुमडीत पातळ मेणाचा अँटीरस्ट फवारा, नळी लावून. जळकं ऑइल मारायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ते नको, ठिबकत राहतं, माती खराब करतं आणि विहीर तुमच्या अंगणातच आहे. जमिनीतली पाणी जायची भोकं रंगाने किंवा सीलरने बुजली नाहीत ना, ते काडी घालून बघा.

आणि जागा बदला. माडाखालून बाहेर. चार चिऱ्यांचे खांब, वर पत्रे, चारही बाजू उघड्या. खाली चिऱ्यांचा चौथरा, हातभर उंच. ताडपत्री शेजाऱ्याला देऊन टाका. मिरगाच्या पहिल्या मोठ्या सरीत गाडी मुद्दाम तासभर बाहेर उभी करा, मग ड्रायव्हरच्या सीटखाली आणि मागच्या कमानीत हात घालून बघा. ओलं लागलं तर कुठल्या जोडातून, ते मला कळवा.